पाचवी चिमणी

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायाचे भाषांतर तपासताना आमच्या समितीचा एक अख्खा दिवस एका नाण्यापायी खर्ची पडला. मूळ ग्रीक शब्द ‘अस्सारिओन’. हे रोमी साम्राज्यातील तांब्याचे नाणे. सोळा अस्सारिओन मिळून एक दिनार होत असे आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात या नाण्यासाठी ‘दमडी’ हा शब्द योजलेला आहे. दमडी आज कोणी पाहिलेली नाही. तरी एखाद्या वस्तूला दमडीचीही किंमत नाही असे आपण अजून म्हणतो, म्हणून तो शब्द राहू द्यावा, असे काहींचे मत पडले. इतरांना तो जुनाट वाटला. वाद मिटला नाही आणि बैठक दुसऱ्या दिवसावर गेली. परंतु त्या वादाच्या निमित्ताने मी तो हिशेब प्रथमच नीट करून पाहिला.

मत्तयाच्या दहाव्या अध्यायात चिमण्यांचा भाव दोन चिमण्यांना एक नाणे असा आहे. लूकमध्ये तो पाच चिमण्यांना दोन नाणी असा येतो. वास्तविक दोन नाण्यांना चारच चिमण्या यावयास हव्यात. पाचवी फुकट आहे. भाजीवाली मेथीच्या जुडीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या वर घालते, तशी ती वर घातलेली. टीकाकारांनी ही गोष्ट पूर्वीच नोंदलेली आहे. मी ती वाचलीही होती, पण वाचणे आणि स्वतः बेरीज करणे यांत अंतर असते. त्या पाचवीला बाजारात किंमतच नाही. आणि प्रभू येशूचे म्हणणे असे की, त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही.

या चिमण्या कोणी हौसेसाठी विकत घेत नसे. त्या गरिबांच्या जेवणासाठी विकल्या जात. इसवी सन ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने साम्राज्यभर वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्या दरपत्रकातही चिमण्यांचा भाव आहे. तेव्हा या वचनावर उपदेश करताना आपण डहाळीवर चिवचिवणारी चिमणी डोळ्यांपुढे आणतो, ते मुळाला धरून होत नाही. प्रभूच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे बाजार होता आणि त्या बाजारात पकडून आणलेली, विक्रीला मांडलेली रानपाखरे होती.

तो बाजार उठला असे मात्र समजू नये. त्याची गोष्ट सांगण्यासाठी वाचकांस नागालँडच्या वोखा जिल्ह्यात न्यावे लागेल.

अमूर ससाणा हा कबुतराहून लहान पक्षी, वजनाला सुमारे १५० ग्रॅम. आग्नेय सायबेरिया, उत्तर चीन आणि मंगोलिया या प्रदेशांत त्याची वीण होते आणि हिवाळा तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात घालवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे ससाणे लाखोंच्या संख्येने ईशान्य भारतात उतरतात. पावसाळा सरताना निघणाऱ्या वाळवीच्या पंखवाल्या किड्यांवर काही आठवडे पोट भरतात आणि मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेकडे जातात. आपल्या लोणावळ्याच्या परिसरातही हिवाळ्याच्या आरंभी त्यांतील काही पक्षीनिरीक्षकांना दिसतात. वोखा जिल्ह्यात डोयांग नदीवर जलविद्युत प्रकल्पाचे धरण आहे. तो प्रकल्प २००० साली सुरू झाला. त्या जलाशयाभोवतीची झाडे ही या ससाण्यांची रात्रीच्या वस्तीची मोठी जागा. काठावर पांगती, आशा, सुंगरो अशी लोथा नागांची गावे आहेत. धरणाच्या पाण्याखाली शेतजमीन गेली. लोक मासेमारी करू लागले आणि मासेमारीची नायलॉनची जाळी घरोघर आली. पुढे हीच जाळी उंच झाडांच्या मधोमध ताणून बांधली जाऊ लागली.

२०१२ च्या ऑक्टोबरात पत्रकार बानो हारालू, तसेच रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू हे वन्यजीव संरक्षणाचे कार्यकर्ते तेथे गेले. त्यांनी जे पाहिले ते चित्रफितीसह जगापुढे ठेवले. संध्याकाळी वस्तीला उतरणारे आणि पहाटे उठणारे थवेच्या थवे जाळ्यांत अडकत होते. जिवंत पक्षी मच्छरदाण्यांत आणि टोपल्यांत कोंडून ठेवले जात, नंतर मारून, पिसे काढून, धुरावर सुकवून विकले जात. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दिवसाला १२,००० ते १४,००० ससाणे मरत होते आणि त्या एका हंगामात १,२०,००० ते १,४०,०००. भाव पक्ष्यामागे १६ ते २५ रुपये. हे आकडे वाचताना मला लूकच्या त्या दोन नाण्यांची आठवण झाली. शंभराच्या नोटेला चार, कधी सहा. इतक्या मोठ्या ढिगात किती पक्षी वर घातले गेले असतील, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

वाघाच्या किंवा गेंड्याच्या चोरट्या शिकारीविषयी ख्रिस्ती मासिकात लिहिणे तुलनेने सोपे आहे. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले, तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती खरीही होती. पण त्या हळहळीत आपल्याला उत्तर द्यावे लागत नव्हते. गुन्हेगार कोणी दुसरा होता, गिऱ्हाईक सीमेपलीकडचे होते. डोयांगचे तसे नाही. नागालँडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार शेकडा सुमारे ८८ लोक ख्रिस्ती आहेत. नागा टेकड्यांमध्ये १८७२ साली क्लार्क या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याच्या कामापासून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांचीच ही लेकरे. जाळी बांधणारे हात आपल्या बंधूंचे होते. शनिवारी ससाणे सोलणारा माणूस रविवारी उपासनेत आपल्यासारखेच गीत गात होता आणि बहुधा लूकचा बारावा अध्यायही त्याने ऐकलेला होता.

मग त्याने त्यातून काय ऐकले? मला वाटते, आपण सर्वजण जे ऐकतो तेच. त्या वचनाच्या पुढे लगेच प्रभू म्हणतो की, तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे. आपल्या उपदेशांत सगळा जोर या उत्तरार्धावर असतो. चिमणी हे निव्वळ मोजमाप ठरते; तिच्यावर पाय देऊन वर चढावयाचे आणि चढून झाले की तिच्याकडे पाहावयाचे नाही. पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा विषय मंडळीत निघाला की कोणीतरी वडीलधारे हेच वचन पुढे करतात: माणसे उपाशी असताना पाखरांची चिंता कशाला?

परंतु या युक्तिवादाची रचना लक्षात घ्यावी. यहुदी रब्बींच्या पद्धतीचा हा ‘हलक्यावरून जडाकडे’ जाणारा युक्तिवाद आहे. जे लहानाविषयी खरे, ते मोठ्याविषयी अधिकच खरे. यात मोठ्याचा आधार लहानावर असतो. देव चिमणीला विसरत नाही, हे जर केवळ बोलण्याची रीत म्हणून म्हटले असेल, तर ‘तुम्हांला तो विसरणार नाही’ हेही बोलण्याची रीतच राहील. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, देवापुढे चिमणीचे मोल शून्य असेल, तर पुष्कळ चिमण्यांचे मोलही शून्यच, आणि शून्याहून अधिक असणे यात समाधान ते कोणते? प्रभूने आपले आश्वासन त्या पाचव्या चिमणीच्या मोलावर उभे केले आहे. ते मोल आपण काढून घेतले, तर आपल्याच पायांखालची जमीन काढली. गेली कित्येक वर्षे मी आजाऱ्यांच्या खाटेशेजारी हे वचन वाचत आलो आहे. ते वाचताना मी किती मोठी गोष्ट गृहीत धरीत होतो, हे मला या हिशेबाआधी उमगले नव्हते.

आता ‘सत्ता’ या शब्दाकडे वळतो, कारण या विषयात आपल्यावर सर्वांत जुना आरोप याच शब्दावरून होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला मासे, पक्षी आणि सर्व प्राणी यांच्यावर सत्ता दिली, म्हणून ख्रिस्ती लोकांनी पृथ्वी लुटली, असे म्हटले जाते. आरोप अगदीच निराधार नाही. आपण तो शब्द पुष्कळदा लुटारूच्याच अर्थाने वापरला. इब्री क्रियापद ‘रादा’ असे आहे आणि ते सौम्य नाही, हे भाषांतरकार म्हणून मला कबूल केले पाहिजे. काही अलीकडच्या लेखकांनी त्याला ‘काळजी घेणे’ इतके गोड करून टाकले आहे. ते मला प्रामाणिक वाटत नाही. ते राजाच्या राज्य करण्याचे क्रियापद आहे. मात्र हेच क्रियापद ७२ व्या स्तोत्रात येते, आणि तेथील राजाचे वर्णन दुबळ्यांना सोडवणारा असे आहे. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायातही ते येते. तेथे मेंढपाळांनी कळपावर कठोरपणे सत्ता चालवली म्हणून देव त्यांच्यापासून कळप काढून घेतो. म्हणजे सत्ता खरी आहे, पण तिचा जाब घेणारा आहे. शिवाय उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ही सत्ता देताना मनुष्याला अन्न म्हणून वनस्पती दिल्या आहेत. मांसाची परवानगी जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते. पहिली सत्ता मारण्याच्या हक्कावाचून दिलेली होती. ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे सत्ता आणि मारणे ही एकच बाब असल्याचा आपला समज टिकत नाही.

मांसाच्या परवानगीलाही शास्त्राने अट घातली. लेवीयाच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यासाठी एक नियम आहे. खाण्याजोगा पशू किंवा पक्षी शिकारीत मिळाला, तर त्याचे रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावे. यज्ञवेदीपासून दूर, रानात एकट्या असलेल्या माणसासाठी हा नियम आहे. तेथे पाहणारा याजक नाही. तरी त्याने प्रत्येक जिवापाशी थांबावयाचे, वाकावयाचे, मूठभर माती उचलावयाची. जीव त्याचा नव्हता हे त्या मुठीने कबूल करावयाचे. भुकेसाठी केलेली शिकार शास्त्राला मंजूर आहे. नागा वाडवडिलांची शिकार या मर्यादेत कुठेतरी बसते असे मला वाटते, आणि डोंगरातल्या माणसाच्या ताटातील मांसाकडे बोट दाखवण्याचा अधिकार शहरात कोंबडी विकत घेणाऱ्या मला नाही. परंतु दिवसाला बारा हजार जिवांपाशी कोण वाकणार? व्यापार सुरू झाला की तो थांबण्याचा क्षण पहिल्यांदा जातो. जाळ्यातून पोत्यात, पोत्यातून टोपलीत, टोपलीतून गाडीत. जाळे लावणाऱ्याने पक्षी खाल्लेला नसतो आणि खाणाऱ्याने जाळे पाहिलेले नसते. विसर पडावा म्हणूनच जणू ही साखळी घडवलेली असते.

कायदा या ठिकाणी काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बेकायदेशीरपणे मारलेला वा पकडलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. न्यायालयाच्या दृष्टीने ही सोय आवश्यक आहे, कारण चोरी झाली म्हणावयाचे तर धनी कोणीतरी हवा. नागालँडमध्ये हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. राज्यघटनेच्या ३७१ अ या अनुच्छेदाने तेथील जमिनीची मालकी आणि रूढीचे कायदे यांना विशेष संरक्षण दिले आहे. जंगल बव्हंशी गावाचे, कुळाचे आहे. तेव्हा पांगतीच्या शिकाऱ्याने ‘आमच्या रानात उतरलेला पक्षी आमचा’ असे म्हटले, तर ते उद्दामपणाचे नव्हते. त्याच्या समजुतीप्रमाणे ते न्याय्यच होते. आणि सरकारने ‘आमचा’ म्हणावे, तर अमूर नदीच्या खोऱ्यात जन्मलेला, आफ्रिकेत हिवाळा काढणारा आणि आपल्याकडे काही आठवडे उतरणारा पक्षी भारत सरकारचा तरी कसा? पन्नासाव्या स्तोत्रात देव यज्ञांची गरज नाकारताना रानातील प्रत्येक पशू आपला असल्याचे सांगतो आणि डोंगरांवरील सर्व पक्षी आपल्याला माहीत आहेत असे म्हणतो. पशूंच्या बाबतीत ‘माझे’, पक्ष्यांच्या बाबतीत ‘माहीत’. इब्री कवितेत दोन ओळी एकमेकींना पूरक असतात, तेव्हा दोन्ही शब्द दोघांनाही लागू धरावेत. तरीही मला तो दुसरा शब्द अधिक विचार करावयास लावतो. मालकीचे हे असे स्वरूप आहे की, जो एकेकाला ओळखतो तोच धनी.

पुढे डोयांगला जे घडले ते ख्रिस्ती मंडळीने सांगण्याजोगे आहे, पण ते फुगवून सांगू नये. केवळ उपदेशाने लोकांची मने पालटली, असे म्हणणे खरे होणार नाही. प्रसिद्धीनंतर जिल्हा प्रशासनाने मनाई हुकूम काढले, वनखात्याने जाळी उतरवली, स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बैठका घेतल्या, मुलांची निसर्गमंडळे सुरू झाली. या सर्वांबरोबर गावच्या परिषदांनी स्वतः ठराव करून शिकार बंद केली आणि मोडणाऱ्याला दंड ठरवला. पाळकांनी हा विषय व्यासपीठावर नेला. २०१३ च्या हंगामात त्या परिसरात एकही ससाणा मारला गेला नसल्याची नोंद आहे. जेथे आदल्या वर्षी लाखाहून अधिक मेले, तेथे पुढल्या वर्षी एकही नाही. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध आपल्या देशात २००७ पासून स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा आहे, आंतरराष्ट्रीय करार आहेत, धाडी पडतात, खटले चालतात. तरीही खवल्या मांजर, तारांकित कासव, हस्तिदंत यांची तस्करी चालूच असल्याचे आपण वाचतो. अशा परिस्थितीत एका वर्षात थांबलेला हा बाजार अपवादच म्हणावा लागेल.

नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि हंगेरीतील शास्त्रज्ञ यांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसवली. त्या पक्ष्यांना नावे दिली ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. ते कोठे पोचले याची बातमी गावात येऊ लागली. मला या सबंध हकिकतीत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव पशुपक्षी आदामाकडे आणतो, ते नाव ठेवण्यासाठी. ज्या पक्ष्याला आपल्या गावाचे नाव आहे आणि जो आज समुद्रावर कोठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला शंभराला सहा या भावाने विकणे कठीण जाते. तो आता वर घातलेला राहिलेला नसतो.

परंतु या बदलाची किंमत कोणी दिली, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. जाळी लावणाऱ्यांचे हंगामाचे उत्पन्न बुडाले. काही जुन्या शिकाऱ्यांनी आणि जमीनधारकांनी मिळून ससाण्यांच्या वस्तीच्या जागेचे रक्षण करणारा संघ स्थापन केला. पाहुणे येऊ लागले, काहींच्या घरी राहण्याची सोय झाली. पण हंगाम काही आठवड्यांचा, आणि पाहुण्यांच्या पैशाने गेलेली शेती भरून येत नाही. जगाने पांगतीची स्तुती केली. स्तुतीने मुलांची फी भरता येत नाही. जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा त्याने स्वतःच्या संपत्तीतून चौपट परत केले. त्याच्यापाशी परत करण्याजोगे होते. येथे ज्यांच्यापाशी थोडे होते त्यांनी सोडून दिले आणि ज्यांच्यापाशी पुष्कळ होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोणाला दोष देत नाही, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आपल्याकडेही हीच रीत आहे. महाराष्ट्रात फासेपारधी या नावातच फास आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या यादीत पारध्यांसारख्या जमाती आल्या आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पुसला गेला का, हे कोणत्याही पारधी मुलाला शाळेत विचारावे. रानात वाघ मेला की पहिला संशय पालावर जातो. फास लावणारा हात दिसतो. त्या हातात पैसे ठेवणारा हात दिसत नाही, आणि वस्तू शेवटी ज्या घरात जाते त्या घराची तर कोणी चौकशीही करीत नाही.

बंगळूरू येथील भाषांतरकारांच्या एका कार्यशाळेत जेवणाच्या वेळी मी डोयांगची हकिकत सांगत होतो. आमच्या मेजावर एक नागा बंधू होते. वयाने माझ्याहून थोडे मोठे, मितभाषी. मी ती हकिकत पांगतीच्या कौतुकाने सांगत होतो, पण कौतुकातही वरून खाली पाहण्याचा एक सूर असतो. तो माझ्या बोलण्यात आला असावा. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भात कालवीत विचारले, “भाऊ, तुमच्याकडे घरात पोपट पाळतात ना? पिंजऱ्यात?” मी हो म्हटले. “तो कुठून येतो?” एवढेच त्यांनी विचारले आणि पुन्हा जेवू लागले.

तो कुठून येतो, हे मला ठाऊक होते. आमच्या लहानपणी ओसरीवर पिंजरा होता. वडिलांनी तो पोपट बाजारातून आणला होता आणि आईने त्याला ‘हालेलूया’ म्हणावयास शिकवले होते. घरी आलेला प्रत्येक पाहुणा ते ऐकून हसे. पाळकसाहेब आले की आम्ही मुले मिरचीचा तुकडा दाखवून त्याच्याकडून ते वदवून घेत असू. पोपटाची पिले ढोलीतून, पिसे पुरती फुटण्याआधीच काढतात. बंद टोपल्यांतून त्यांचा प्रवास होतो आणि पुष्कळ वाटेतच मरतात. देशी पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हे १९७२ च्या कायद्याने आणि पुढे १९९१ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने बेकायदेशीर आहे. ज्या व्यापाराला आपण टोळ्यांचा आणि तस्करांचा व्यापार म्हणतो, त्याचेच हे घरगुती टोक. आमचा पोपट नऊ वर्षे जगला. तो एकटा जगला तेव्हा त्याच्याबरोबरच्या टोपलीतील किती मेले असतील, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. आम्ही वाईट माणसे नव्हतो. कौटुंबिक उपासना दररोज होत असे, आणि पिंजरा त्याच ओसरीवर होता.

गेल्या पावसाळ्यात एका मंडळीच्या वडिलांच्या घरी प्रार्थनासभेला मला बोलावले होते. वचन मी लूकच्या बाराव्या अध्यायातून घेतले आणि त्या पाचव्या चिमणीविषयी बोललो. लोकांना ते आवडले. सभा झाल्यावर ओसरीवर चहा आणि चिवडा आला. तेथे कोपऱ्यात, ओल येऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद टाकलेला पिंजरा होता आणि आत एक पहाडी पोपट होता. घरातील लहान मुलगी मला त्याचे नाव सांगू लागली. तिचे आजोबा, म्हणजे ते यजमान वडील, कौतुकाने पाहत होते. अलीकडेच त्यांची पत्नी वारली आहे, आणि संध्याकाळी तो पोपट तिच्या आवाजात हाक मारतो, असे त्यांनी मला हळूच सांगितले.

मी काही बोललो नाही. चहा संपवला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघालो. तेथे त्या क्षणी बोलणे क्रूरपणाचे झाले असते, असे मी वाटेत स्वतःला समजावीत होतो. आणि तसे ते खरोखरच झाले असते, असे अजूनही मला वाटते. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम सोडला तर तो जगतही नाही. त्याला वनखात्याच्या किंवा प्राणीमित्रांच्या हवाली करावे लागते, हेही खरे. पण त्यानंतर चार महिने झाले, आणि मी त्यांना पत्रही लिहिलेले नाही. ते या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत.